वळणापर्यंतची फटफटी

“अहो, हळूऽऽ!”

आई एवढंच म्हणायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. रविवारची संध्याकाळ. बाबा फटफटीवर, आई मागे, तिचा एक हात बाबांच्या खांद्यावर आणि दुसरा मांडीवरच्या पर्सवर. मी गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून बघतोय. बाबा किक मारायचे. फटफटी आधी खाकरायची, मग सभेत भाषणाला उभं राहिलेल्या माणसासारखा घसा साफ करायची आणि एकदा बोलायला लागली की कुणाचं ऐकायची नाही. त्या सगळ्या धडधडीवर तरंगत आईचा आवाज यायचा, “अहो, हळू!” गल्लीच्या टोकाला वळण होतं. वळणावर ती दोघं आधी दिसेनाशी व्हायची, मग ऐकू येईनाशी.

फटफटीवर तिघांनी बसायचं नाही असा आईचा कायदा होता, आणि घरात तिसरा मीच होतो. त्यामुळे ती दोघं वळणाआड गेली की मी खाली तळमजल्यावरच्या गणिताच्या बाईंकडे जायचो. बाई पाढे म्हणून घ्यायच्या. सतराचा पाढा मला अजूनही फटफटीच्या चालीवरच येतो आणि एकशे एकोणीसला हमखास बंद पडतो.

वळणापलीकडे ती दोघं कुठे जायची, काय बोलायची, हे मला कुणी सांगितलं नाही. परत यायची तेव्हा आईचे केस पार विस्कटलेले असायचे आणि चेहरा असा, की लहान मुलालाही कळावं, आत्ता काही विचारायचं नाही.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. तिचा चेहरा फोटोत आहे, अक्षर स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर आहे, शिवणकामाची कात्री अजून तिच्याच खिळ्यावर आहे. पण आवाज कुठे ठेवणार? तिचं बोलणं कुणी टिपून ठेवलं नव्हतं. ती रोज बोलत होती, त्यामुळे तशी गरजच कुणाला वाटली नाही. माझ्याकडे तिचं एकच वाक्य उरलं होतं, आणि तेही मला फटफटीच्या धडधडीवरच ऐकू यायचं. फटफटी तर कधीची गप्प, खाली पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली उभी. अलीकडे तर आठवायला गेलो की “अहो, हळू” माझ्याच आवाजात यायला लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळिशी उलटलेला, कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळणारा, दोन शिक्के आणि एक स्टॅपलर हाताखाली असलेला माणूस हे कुणाला सांगणार?

बाबांना तर नाहीच नाही. आई गेल्यापासून बाबांनी भाषा एका अक्षरावर आणून ठेवली होती. “हं.” चहा हवा का? हं. झोपायचं का? हं. बारीकसारीक फरक असायचे. लांब हं म्हणजे हो, तुटक हं म्हणजे नको, आणि नाकातून निघालेला हं म्हणजे तू अजून इथेच आहेस का. ते दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, चष्मा नाकावर, आणि चष्म्याचं रिकामं घर हातात. ते घर उघडायचे, मिटायचे. टक्, टक्. चष्मा नाकावर असताना घर हातात कशाला, असं बायकोने एकदा विचारलं होतं. उत्तर आलं, “हं.” हा नेमका कुठल्या प्रकारचा, ते आम्हाला ठरवता आलं नाही.

अशात एके दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात सूचना लावली: बंद अवस्थेतील वाहने येत्या रविवारपर्यंत हलवावीत, अन्यथा भंगारात देण्यात येतील. बंद अवस्थेतलं वाहन बिल्डिंगमध्ये एकच होतं. अनेकवचन फक्त सभ्यतेपोटी वापरलेलं.

मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी तसे माणूस म्हणून बरे. फक्त आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी थांबल्यामुळे स्वतःची सही करायला मिळाली की त्यांना राहवत नाही.

“ती बंद नाहीये,” मी म्हणालो. “थांबलेली आहे.”

“फरक?”

“बंद म्हणजे कायमची. थांबलेली म्हणजे... थांबलेली.”

“हे बघा, तुमच्या भावना मी समजतो. पण भावनांना पार्किंग देता येत नाही.” मग जरा विरघळून म्हणाले, “चालू असेल तर माझी काही हरकत नाही. रविवारी सकाळी कमिटीसमोर चालवून दाखवा. कोपऱ्यापासून गेटपर्यंत आणि गेटपासून कोपऱ्यापर्यंत. स्वतःच्या बळावर.”

“माझ्या की गाडीच्या?”

“गाडीच्या. ढकलणं धरलं जाणार नाही.”

नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने ताडपत्रीचं एक टोक वर केलं, आत डोकावला आणि आजारी माणसाच्या खोलीतून नातेवाईक बाहेर येतात तसा बाहेर आला. “हिचे पार्ट आता मिळत नाहीत, साहेब. गॅरेजला आणून टाका, बघू.”

“कधीपर्यंत होईल?”

“बघू ना.”

हे दोन ‘बघू’ एकात एक घातले की साधारण पुढचं वर्ष येतं, आणि माझ्याकडे होता एक आठवडा. त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं, “फटफटी मीच दुरुस्त करणार. घरच्या घरी.”

बायकोने ताटातून मान वर केली नाही. “मागे बल्ब बदलताना तुम्ही मजल्याची लाइट घालवली होती.”

“ते वायरिंग जुनं होतं.”

“आणि फटफटी नवी आहे का?”

मी आशेने बाबांकडे पाहिलं. त्यांनी ती फटफटी निम्मं आयुष्य चालवली होती. तिचा प्रत्येक स्क्रू त्यांना नावानिशी माहीत असणार. ते एखादा शब्द बोलतील, ‘आधी अमुक बघ’ म्हणतील, असं वाटलं. बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “हं.” नाकातून.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून लवकर निघालो आणि ताडपत्री काढली. माझ्या आधी तिथे निम्मी बिल्डिंग पोचलेली होती. माणूस घरात आजारी पडला तर शेजारी दारापर्यंत येतात, गाडी उघडली तर थेट आत हात घालतात. एक म्हणाले, बॅटरी गेली असेल. दुसरे म्हणाले, बॅटरीच असेल असं काही नाही. तिसरे काहीच म्हणाले नाहीत, नुसतं टायर लाथेने तपासलं आणि ‘कठीण आहे’ अशी मान हलवून निघून गेले. तो सल्ला मला सगळ्यांत जास्त लागला.

दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर घरच्या चड्डीवर, पण हातमोजे घालून खाली आले. हातात तो दात बघायचा छोटा गोल आरसा. “प्लग काढा,” म्हणाले. मी काढला. त्यांनी तो उजेडात धरून असा न्याहाळला की मीच नकळत तोंड उघडलं.

“साफ केलेला नाही कधी.”

“नाही.”

“रोज दोन वेळा करायला हवा होता,” ते सवयीने बोलून गेले.

गणिताच्या बाई आता निवृत्त आहेत, पण आवाज वर्गातलाच. त्यांनी खिडकीतून विचारलं, “अरे, काय काय काढतोयस ते क्रमाने ठेवतोयस ना?” मी अंड्यांचा रिकामा ट्रे दाखवला. एका खळग्यात एक बोल्ट, पुढच्या खळग्यात पुढचा. मला त्या ट्रेचा फार अभिमान होता. बायकोने सुचवल्याप्रमाणे प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटोही काढत होतो. नंतर पाहिले तर बहुतेक फोटोंत माझा अंगठा होता. अंगठा स्पष्ट आला होता.

वर गॅलरीत बाबा बसले होते. मी पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. मी मान वर केली. ते परत बसले. टक्, टक्.

गाडीचं काम मी व्हिडिओ बघून करत होतो. त्या व्हिडिओत एक गृहस्थ होते, ज्यांचे फक्त हात दिसायचे. सुंदर, निवांत हात. त्या हातांना कधी काही सापडलं नाही असं झालं नाही, कुठला स्क्रू घट्ट बसला असं झालं नाही, आणि दर थोड्या वेळाने ते म्हणायचे, “बस, झालं.” माझं कधीच झालं नाही. हातांचं म्हणणं होतं की खूप दिवस उभ्या असलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर आधी साफ करावा. कार्ब्युरेटर म्हणजे फटफटीचा आचारी. हवेत पेट्रोल किती कालवायचं ते तो ठरवतो. त्याच्या पोटात पितळेचे जेट असतात. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, मधोमध सुईच्या टोकाएवढं आरपार भोक. त्या भोकातून मापात पेट्रोल जातं. व्हिडिओतल्या हातांनी दोन जेट काढून दाखवले, एक छोटा आणि एक मोठा. मला छोटा सापडला. मोठ्याच्या जागी नुसती आटे पाडलेली नळी होती. जुनं मॉडेल, त्या काळी माणसं कमी गरजांत राहायची, गाड्याही एका जेटवर भागवत असतील, असा निष्कर्ष काढून मी पुढे गेलो.

पुढे म्हणजे स्वयंपाकघरात. बायको घरी नव्हती. ती असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी बेसिनमध्ये पेट्रोल ओतून कार्ब्युरेटर टूथब्रशने घासला (ब्रश माझाच होता, हे नोंदवून ठेवतो), केस वाळवायच्या मशीनने फुंकायला गेलो, आणि पेट्रोलजवळ मशीन लावू नये हे ऐनवेळी आठवून दचकलो. त्या दचकण्यात छोटा जेट हातातून निसटला, बेसिनच्या काठावर एकदा वाजला आणि जाळीतून खाली गेला.

बेसिनखाली प्लॅस्टिकची एक बाटली असते, जिच्यात सगळं अडकतं. ती मी उघडली. उघडण्याआधी खाली बादली ठेवायची असते, ही माहिती मला बाटली उघडल्यावर मिळाली. काळपट, पेट्रोलने घमघमणारं पाणी फरशीवर पसरलं, पाइपाच्या कडेने खाली उतरलं आणि थोड्याच वेळात खालून आवाज आला.

“अरे, माझ्या ओट्यावर पेट्रोल ठिबकतंय!”

बाईंनी सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरींनी सही केली. पंधरा मिनिटांत जिन्यात सूचना लागली: पुढील आदेशापर्यंत इमारतीत कोणीही गॅस पेटवू नये. ऐन संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ. एकेक करून माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी काही बोलत नव्हतं. भुकेली माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात. मी कोपरापर्यंत घाणीत हात घालून बेसिनखाली पालथा, आणि माझ्या पाठीमागे अख्खी बिल्डिंग.

बायको आली ती या गर्दीतून वाट काढत. तिला वाटलं, काहीतरी बरंवाईट झालं. तिचा चेहरा पांढराफटक. मग तिला माझे पाय दिसले, पाय हलताना दिसले, आणि तिच्या चेहऱ्यावर दुसरा रंग आला.

“काय शोधताय?”

“जेट.”

“केवढं असतं?”

मी चिमटीत दाखवलं. तिने पदव्या, नोकरी, आमचं लग्न असं सगळं डोळ्यांसमोरून एकदा जाऊ दिलं आणि भुवया कोरायचा तिचा चिमटा आणून माझ्या हातात ठेवला. जेट सापडला. बाबा दरम्यान आतल्या खोलीत बिस्किट खात बसले होते. मी धावत जाऊन त्यांना जेट दाखवला, “सापडला बाबा!” त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलंही होतं. मग बिस्किटाचा तुकडा मोडला.

“हं.”

सगळं परत जोडलं तेव्हा ट्रेमध्ये दोन वॉशर आणि एक बोल्ट उरला.

“बाकी किती?” बाईंनी खिडकीतून विचारलं.

“दोन वॉशर, एक बोल्ट.”

“मग उत्तर चुकलंय. पहिल्यापासून कर.”

पहिल्यापासून केलं. या वेळी एक वॉशर उरला. बाई म्हणाल्या, “सुधारणा आहे.”

मग किक. फटफटीची किक ही मारायची गोष्ट आहे असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती मारते. पहिल्या दिवशी तिने उलटी उसळी घेऊन माझ्या पोटरीला असा प्रसाद दिला की दुसऱ्या दिवशी कचेरीत मी लंगडत शिरलो. साहेबांनी चौकशी केली, “पडलात का?”

“नाही. दुरुस्ती चालू आहे.”

“पायाची?”

“वडिलांच्या गाडीची.”

साहेबांनी बराच वेळ या उत्तराचा विचार केला आणि मला त्या दिवशी जिन्याचं काम दिलं नाही.

रोज संध्याकाळी तेच. मी किक मारायचो, फटफटी एकदा खोकायची, धूर सोडायची, आणि गप्प. प्लग काढावा तर ओलाचिंब. डॉक्टर आरसा घेऊन यायचे. “लाळ जास्त सुटतेय,” म्हणायचे, “म्हणजे पेट्रोल. नुसता पूर येतोय आत. कुठेतरी माप चुकतंय.” पुसायचा, लावायचा, पुन्हा ओला. आणि प्रत्येक वेळी त्या एका खोकण्यापुरता मी श्वास धरून उभा राहायचो. धडधड सुरू झाली तर तिच्यावर ते वाक्य तरंगत येईल. पण खोकण्यावर काय तरंगणार?

एका संध्याकाळी बायको खाली आली. सगळे गेलेले होते. ती तिथल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “जाऊ द्या ना. आपण दुसरी घेऊ. बरी, शहाणी, सेल्फवाली.”

“दुसरीवर काय ऐकू येणार?”

“म्हणजे?”

“काही नाही.”

 मग तिने फडकं उचललं आणि न बोलता फटफटीची टाकी पुसायला घेतली. आम्ही अंधारेपर्यंत पुसत होतो. दुरुस्त होत नव्हती, निदान स्वच्छ तरी होत होती.

रविवार उजाडला. कमिटी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसली होती. गेटशी भंगारवाल्याची हातगाडी उभी. तो बिचारा कामाचा माणूस, काटा पुसत बसला होता. मी कोरा शर्ट घातला होता. का, ते मला विचारू नका. हरणाऱ्या माणसाने नीटनेटकं दिसावं, एवढंच.

सेक्रेटरी म्हणाले, “सुरू करा.”

किक मारली. खोकली. किक. खोकली, थोडा धूर. किक. किक. किक. शर्ट घामाने पाठीला चिकटला. कुणीतरी म्हणालं, चोक द्या. दुसरं म्हणालं, चोक काढा. डॉक्टरांनी प्लग तीनदा पुसला आणि चौथ्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपल्याला दात काढावा लागेल असं सांगायच्या आधी ठेवतात तसा. शेवटी पायातलं बळच संपलं. मी फटफटीला टेकून उभा राहिलो. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, नजर चुकवली आणि भंगारवाल्याला खूण केली. तो दोर घेऊन आला.

“थांबा.”

आवाज ओळखीचा नव्हता. बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता म्हणून. बाबा जिन्यात उभे होते. घरातल्या सपाता, हातात चष्म्याचं घर. ते सावकाश माझ्यापर्यंत आले. दोराकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं, बोटांना पट्ट्या.

“एवढं कशासाठी?” त्यांनी विचारलं. “विकत तर नव्हतास. चालवणारही नव्हतास. मग?”

सगळी बिल्डिंग ऐकत होती. माझ्या प्रतिष्ठेचं त्या आठवड्यात जे काही व्हायचं ते झालंच होतं, उरलेलीचं ओझं कशाला बाळगायचं? मी म्हणालो, “बाबा, मला आईचा आवाज आठवत नाही. एकच वाक्य राहिलंय. ‘अहो, हळू’. आणि ते या गाडीच्या आवाजावरच येतं. मला फक्त एकदा ऐकायचं होतं.”

 सेक्रेटरी आपल्या चपलांकडे बघत होते. खिडकीत बाईंनी चष्मा काढला.

टक्.

बाबांनी घर उघडलं. आत पांढऱ्या कापसात काहीतरी होतं. त्यांनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळेचं, पिवळंधम्मक, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक.

मला आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी ताबडतोब कळलं.

“मोठा जेट!”

“हं.” आणि मग, खालच्या आवाजात, “मीच काढून ठेवला होता. ती गेल्यावर एकदाच गाडी काढली. वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. ढकलत. चालू राहिली असती तर उद्या कुणीतरी चालवली असती, मागची सीट रिकामी ठेवून. म्हणून काढला. हा नसला की पेट्रोलला माप राहत नाही. सगळं एकदम अंगावर येतं. बुडते गाडी.”

“मग आठवडाभर बोलला का नाहीत? मी बेसिन उपसलं, अख्खी बिल्डिंग उपाशी ठेवली, पाय मोडून घेतला!”

“बघत होतो ना,” बाबा म्हणाले. “रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं की हे संपेल. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिच्यामागे लागलं होतं. बरं वाटत होतं बघायला.”

बायको पायरीवर बसली होती. ती हसत होती की काय करत होती, कळत नव्हतं. डॉक्टर पुढे झाले, “पाने द्या इकडे.” बाबांनी त्यांना हातानेच थांबवलं. खाली बसले. गुडघे कुरकुरले. माझ्या तळहातावरचा जेट उचलून त्यांनी कार्ब्युरेटरमध्ये फिरवून बसवला. उरलेला वॉशर त्यांनी न विचारता माझ्याकडून घेतला आणि कुठेतरी बसवला. बाईंनी खिडकीतून समाधानाने म्हटलं, “बाकी शून्य.”

बाबा उठले, बाजूला झाले. “मार.”

मी किक मारली.

फटफटी खाकरली. घसा साफ केला. आणि बोलायला लागली. ती धडधड भिंतींना लागून परत आली, जिन्यात शिरली, गॅलरीच्या गजांना हलवून गेली. मी हँडल धरून, डोळे मिटून उभा होतो. आणि त्या सगळ्यावर तरंगत, माझ्या आवाजात नाही, तिच्याच आवाजात, शेवटचा ऊ किंचित ओढत, ते वाक्य आलं. “अहो, हळूऽऽ!”

डोळे उघडले तर सेक्रेटरी उभे होते. त्यांचा आवाज धडधडीत ऐकू येत नव्हता, पण हातवाऱ्यांवरून कळलं. नियम नियम होता. गेटपर्यंत आणि परत.

मी बसलो. गिअर टाकणार इतक्यात गाडी मागून दबली. बाबा माझ्या पाठीमागे, आईच्या जागी चढून बसले होते. सपातांसकट. एक हात माझ्या खांद्यावर.

भंगारवाल्याने हातगाडी बाजूला ओढून वाट दिली. गेट आलं. इथून वळायचं होतं.

“वळू नकोस,” बाबा म्हणाले.

“कमिटी?”

“बसू दे त्यांना. खुर्च्या आहेत.”

आम्ही गेटमधून बाहेर पडलो. मागून दोन्ही हातांत दोन हेल्मेट घेऊन धावत आलेली बायको ओरडली, “अहो, हेल्मेट!” आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. आम्ही थांबलो, मुकाट्याने घातली, तिने बाबांचा पट्टा हनुवटीखाली लहान मुलासारखा लावून दिला आणि एक पाऊल मागे सरली. फटफटी पुन्हा निघाली. मी अगदी सावकाश चालवत होतो. दोन्ही बाजूंची घरं एकेक करून मागे जात होती. गल्लीच्या टोकाला ते वळण. इतकी वर्षं मी ते गॅलरीतून बघितलं होतं आणि कामाला जाता-येता हजार वेळा ओलांडलं होतं, पण या गाडीवर कधी नाही. वळण घेतलं. गल्ली मागे राहिली. समोर सरळ, रिकामा, रविवारचा रस्ता.

माझ्या खांद्यावरचा हात सुटला आणि त्याच जागी एक बोट टेकलं. बाबा कानाशी वाकले.

“ते ‘अहो, हळू’ गल्लीसाठी होतं,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी, बाईंसाठी. बायको घाबरते, असं लोकांना दिसलेलं बरं असतं म्हणायची. इथवर आलो ना, की असं बोट टेकवायची. मी एकटा आलो होतो तेव्हा वाट पाहिली इथे. टेकलं नाही.”

“आणि काय म्हणायची?”

 मला वाटलं, पुन्हा ‘हं’ येणार. बोट माझ्या खांद्यावर तसंच होतं.

“म्हणायची, ‘आता कुणी बघत नाही. सोडा की सुसाट!’”

आणि मग त्या बोटाने माझ्या खांद्यावर हलकेच दाबलं.

“सोड.”